पहिल्या रेषेआधीची थाप

माझ्या आईचं नाव नूर. सगळा जन्म तिनं बारामतीतल्या चार गल्ल्यांत काढला. बाजारात निघाली तरी डोक्यावरचा पदर दहादा सारखा करायची आणि रस्त्यात कुणी मोठ्यानं हाक मारली तर अवघडून जायची. तिला जाऊन बरीच वर्षं झाली. आज बारामती-इंदापूर तालुक्यांत जत्रा असो, हळद असो, नाहीतर टेनिस बॉल क्रिकेटची फायनल असो, कुठं ना कुठं तिचं नाव भल्यामोठ्या स्पीकरांवरून पुकारलं जातं. ‘नूर ऑडिओ, बारामती!’ पुकारणारी बाई कोण ते मलाही माहीत नाही, कॉम्प्युटरमधला तयार आवाज आहे तो. पण त्या पुकाऱ्याच्या जागी आधी काय होतं ते मला माहीत आहे, आणि ते सांगायचं म्हणून लेख मागणाऱ्या संपादकांना या वेळी हो म्हटलं.

माझा धंदा रेकॉर्डिंगचा. वडिलांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, त्याच्यावरच्या दोन खोल्यांना आतून गाद्या ठोकून मी स्टुडिओ केला आणि आईचं नाव दिलं. कॅसेट पाहिली, सीडी पाहिली, पेन ड्राइव्ह पाहिला. आता हातात द्यायला काहीच उरलं नाही, फाईल फोनवरून जाते. स्टुडिओ म्हटलं की लोकांना वाटतं इथं रोज गवई येत असतील. गवई वर्षातून एखादा. बाकी रिक्षावरून फिरवायच्या जाहिराती, नवरीच्या मामाच्या आवाजातली मंगलाष्टकं आणि वाढदिवसाची गाणी. वाढदिवसाचं गाणं एकच आहे, मी फक्त नाव बदलतो. गेल्या निवडणुकीत एकाच चालीवर तिघांना निवडून आणण्याचं वचन मी दिलं होतं. तिघंही पडले.

या धंद्यातलं मुख्य काम म्हणजे आवाज साफ करणं. माईक सगळंच ऐकतो. पंखा, खोकला, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, सगळं. ते काढून टाकायचं. दुसरं काम ठोके जागेवर आणण्याचं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर सारख्या अंतरावर उभ्या रेषा असतात, एकरेघी वही आडवी धरावी तशा. आवाज तिथं उंचवट्यांसारखा दिसतो. प्रत्येक ठोक्याचा उंचवटा धरायचा आणि जवळच्या रेषेवर नेऊन बसवायचा. असं केलं की तो तुकडा कितीही वेळा पुढे-मागे जोडता येतो. गाणं, रील, मोबाईलवरचा खेळ, सगळ्यात तो बसतो. माणूस वाजवतो तेव्हा तो कधी रेषेच्या अलीकडे असतो, कधी पलीकडे. आमच्या धंद्यात त्याला चूक म्हणतात.

एकदा एका म्हाताऱ्यानं मला शहाणपण शिकवायचा प्रयत्न केला होता, मी शिकलो नाही. भवानीनगरचे गृहस्थ, साखर कारखान्यात आयुष्य काढून मुलाकडे पुण्याला राहायला गेलेले. त्यांना मोबाईलच्या गजरासाठी कारखान्याचा भोंगा हवा होता. ऐन हंगामात मी त्यांच्याबरोबर जाऊन भोंगा रेकॉर्ड केला आणि दोन दिवस बसून धुऊन काढल्यासारखा स्वच्छ करून दिला. त्यांनी फोन कानाला लावला, पुन्हा लावला, मग म्हणाले, “भोंगा हाय, पन आमचा न्हाय. ह्यातली बैलगाड्यांची घुंगरं कुठं गेली? आन् ते ट्रॅक्टर?” मी त्यांना न धुतलेली फाईल देऊन टाकली आणि ते गेल्यावर आठवडाभर तो किस्सा सगळ्यांना हसत सांगितला. आता सांगतो तेव्हा हसू येत नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी इंदापूरचा एक डीजेवाला माझ्याकडे आला. त्याला खरी हलगी हवी होती. बाजारात मिळणारे हलगीचे आवाज पुठ्ठा बडवल्यासारखे होते, आणि रीलवर तर तेव्हा हलगीला भलताच भाव आला होता. मी कऱ्हाटीच्या दगडूतात्यांना निरोप पाठवला. दगडूतात्या म्हणजे आमच्या भागातल्या कुस्त्यांच्या मैदानांचा जीव. जत्रेत मोठी कुस्ती लागली की लोक आधी विचारायचे, हलगीला तात्या आहेत ना?

तात्या आले ते पांढरं धोतर, तांबडा पटका आणि गळ्यात कातडी हलगी अशा थाटात. हलगी म्हणजे लोखंडी कड्यावर ताणलेलं कातडं. उजव्या हातात जाडसर टिपरू, डाव्या हातात लांब बारीक काडी. कातडं थंड पडलं की आवाज बसतो, म्हणून वाजवण्याआधी ती शेकावी लागते. तात्यांनी पिशवीतून उसाचं पाचट काढलं आणि विचारलं, “कुठं पेटवू?” मी म्हटलं, तात्या, इथं भिंतींना गाद्या आहेत, आपण दोघंही शेकून निघू. शेवटी गच्चीवर जाळ केला. हलगी तापली की तात्या धोतराचा सोगा धरून जिन्यावरून खाली पळायचे, दोन मिनिटं वाजवायचे, पुन्हा वर. एसी बंद ठेवला होता. दोघंही घामानं निथळलो होतो.

वाजवायला सुरुवात करण्याआधी ते एक गोष्ट दर वेळी करायचे. टिपरू आणि काडी एका हातात घ्यायचे आणि नुसत्या डाव्या बोटांनी कातड्यावर एक हलकी थाप मारायचे. मग एक श्वासभर थांबायचे आणि मग सुरू. मला वाटलं, ताण तपासत असतील, तबलजी तपासतो तसा. मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती.

काम झाल्यावर चहा घेताना ते म्हणाले, “अन्वरभाई, हे ऱ्हाईल ना हितं? पोरगं कंपनीत लागलंय, ते काय हात लावत न्हाय हलगीला. माझ्या बापानं शिकवलेलं माझ्यासंगं जायला नको.”

“तात्या, तुम्ही-आम्ही जाऊ, पण हे राहील,” मी म्हटलं. हे वाक्य मी तेव्हा सगळ्याच गिऱ्हाइकांना म्हणत असे.

ते गेल्यावर मी कापायला बसलो. सगळे ठोके रेषेवर आणले. सुरुवातीची ती थाप पहिल्या रेषेच्या आधी एकटीच पडली होती, छोटासा उंचवटा आणि पुढे मोकळी जागा. डीजेच्या कामात मोकळी जागा म्हणजे गर्दी थांबणार. मी ती काढली. आणि आमच्या धंद्याची रीत आहे की तुकड्याच्या सुरुवातीला आपलं नाव पुकारून ठेवायचं, म्हणजे दुसऱ्या कुणाला तो आपला म्हणता येत नाही. मोकळ्या झालेल्या त्याच जागेत मी नूर ऑडिओ, बारामती हा पुकारा बसवला.

फाईल इंदापूरला गेली. महिन्याभरात ती कुठं कुठं पोचली याचा हिशेब मी ठेवला नाही, ठेवता आलाही नसता. कुणी त्यावर बैलगाडा शर्यतीची रील केली, कुणी स्टीलचं ताट बडवत हलगीवाल्याचं सोंग केलं आणि त्या सोंगालाच सत्कार मिळाले. गावोगावच्या क्रिकेट सामन्यांचं मोबाईलवरून थेट प्रक्षेपण होतं, त्यात षटकार गेला की ही हलगी. पोरांच्या एका मोबाईल खेळात जिंकल्यावर ती लावायची सोय कुणीतरी केली. आवाजाखाली नाव असायचं नूर ऑडिओ हलगी. अनोळखी पोरं रस्त्यात थांबवून माझ्याबरोबर फोटो काढायची. दोन गणेश मंडळांनी शाल-श्रीफळ दिलं. मी घेतलं. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं. तात्यांचा चेहरा कुठंच नव्हता आणि हे मला खटकलंही नाही.

मग एका वर्षी एका गावच्या जत्रेत कुस्त्यांच्या मैदानाला मला पाहुणा म्हणून बोलावलं. गावाचं नाव सांगत नाही. मैदानात हलगीवाला नव्हता, स्पीकर होते आणि त्यांवर माझी फाईल. तात्या प्रेक्षकांत बसले होते, हात मोकळे ठेवून. मला बघून त्यांनी रामराम घातला.

हलगीचं मैदानातलं काम काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. हलगीवाला मल्लांकडे बघून वाजवतो. पकड बसली की हात चढतो, दोघं दमले की हात उतरतो, आणि काही वावगं दिसलं की थांबतो. हलगी थांबली की मल्लांना न बघता कळतं की काहीतरी झालं. त्या दिवशी एका पोराचा खांदा उलटा अडकला. पंचानं शिट्टी मारली, पण स्पीकरपुढे शिट्टीचं काय चालणार? वरचा मल्ल जोर लावतच राहिला, कारण हलगी तर चढलेलीच होती. स्पीकर चालवणारा मोबाईलवर कुस्तीचं शूटिंग करत होता. तात्या उठून दोन्ही हात हलवत आत धावले.

“बंद करा! आरं बंद करा ते! पोराचा हात गेला!”

खांदा निखळला होता. पोराला उचलून गाडीत घातलं, तरी हलगी वाजतच होती. मीच जाऊन वायर ओढली.

गर्दी पांगल्यावर तात्या माझ्याजवळ येऊन बसले. ते रागावतील अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी वेगळंच विचारलं.

“अन्वरभाई, एक इचारू का? लई दिस मनात हाय. ती पयली थाप काढली तुमी. माझं काय चुकलं व्हतं का?”

मला आधी कळलंच नाही ते कशाबद्दल बोलतायत. त्यांनी गुडघ्यावर डाव्या बोटांनी एक थाप मारून दाखवली.

“ही. ही माझ्या बापाची. वस्ताद व्हता तो माझा. आदी त्याची थाप, मग एक दम, मग आपुन वाजवायचं. त्याच्याबिगर मी कदी हात लावला न्हाय हलगीला. स्पीकरवर ऐकलं तवा वाटलं, मिशिनला आपली चूक घावली आसंल. वय झालं, हात चळला आसंल. तवापास्नं कुनाला काय बोललो न्हाय.”

म्हणजे इतकी वर्षं हा माणूस चुकलो असं समजून गप्प बसला होता. ज्या हातावर सगळा तालुका नाचत होता, त्या हाताची त्यालाच शंका यायला लागली होती, आणि ती शंका मी घातली होती. मी त्यांना सरळ सांगितलं, “तात्या, तुमचं काही चुकलं नाही. मला कळलं नाही, मी अडाणी.”

त्यांनी धोतराला लागलेली मैदानातली तांबडी माती झटकली. मग म्हणाले, “आन् ती बाई कुनाचं नाव घेती तितं? नूर का काय?”

“माझ्या आईचं.”

“आईचं हाय व्हय?” त्यांनी मान हलवली. “हाय का आई?”

“नाही. गेली.”

“मग ऱ्हाऊ द्या,” तात्या म्हणाले.

मला त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवशी घरी गेलो आणि पहिली न कापलेली फाईल शोधायला बसलो. नव्हती. निवडणुकीच्या गाण्यांना जागा हवी म्हणून मीच ती पुसली होती. दुसऱ्या दिवशी तात्यांना फोन केला आणि म्हटलं, या, पुन्हा रेकॉर्ड करू, थापेसकट. ते लगेच यायला तयार होते. मीच म्हटलं, जत्रांचा हंगाम सरू द्या, आत्ता कामाचा रेटा आहे. माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मोठी. पहिली अज्ञानानं झाली होती, ही जाणूनबुजून.

हंगाम सरायच्या आत तात्यांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली. दवाखाना झाला, पण हात आला नाही.

मी रेकॉर्डर आणि माईक घेऊन कऱ्हाटीला गेलो. तात्या ओसरीवर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कुणीतरी ठेवल्यासारखा. बोलणं जड झालं होतं, पण समजत होतं. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी डावा हात हलवून मला थांबवलं आणि बायकोला म्हणाले, “हलगी शेक.”

काकींनी अंगणात पाचट पेटवलं. कुठं धरायची, किती धरायची, हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. जन्मभर बघितलेलं होतं. तापलेली हलगी आणून त्यांनी तात्यांच्या छातीशी धरून ठेवली. कोंबडी ओरडत होती, रस्त्यानं ट्रॅक्टर जात होता. मी या वेळी कुणालाही गप्प बसायला सांगितलं नाही.

तात्यांनी डावा हात उचलला आणि एक थाप मारली.

मला वाटलं झालं, मी बटणाकडे हात नेला. त्यांनी डोळ्यांनीच नाही म्हटलं. एक श्वास घेतला, सोडला. मग म्हणाले, “आता लावा.”

माझ्याजवळ फोनमध्ये जुनी हलगी होती, पुकारा कापून टाकलेली. मी ती सुरू केली. तात्यांचाच उजवा हात त्यांच्यासमोर वाजायला लागला. त्यांनी डोळे मिटले. मांडीवरच्या हाताकडे मी बघत होतो. तो हलला नाही. काकींनी हलगी सोडली नव्हती, तशीच छातीशी धरून त्या दुसरीकडे बघत होत्या. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

फाईल संपल्यावर तात्यांनी विचारलं, “आईचं नाव काढलं?”

“काढलं. ती जागा तुमची होती.”

“का वो? ऱ्हाऊ द्या म्हनलं व्हतं न्हवं मी?” ते चिडले, खरोखर चिडले. मग थांबत थांबत म्हणाले, “मागं सरकवा तिला जरा. आदी माझा बाप. मग तुमची आई. मग मी.”

मी त्याच क्रमानं लावलं. थाप, एक श्वास, आईचं नाव, मग हलगी. कोंबडी आणि ट्रॅक्टर राहू दिले. खाली तात्यांचं नाव आणि गाव लिहिलं आणि जिथं जिथं जुनी फाईल गेली होती तिथं पाठवली. डीजेवाल्या पोरांचे फोन आले. भाई, सुरुवातीला एक ठोका चुकलाय, ट्रॅक्टरचा आवाज पण आलाय, साफ करून पाठवा. मी सांगितलं, साफच आहे. बऱ्याच जणांनी थाप कापून टाकली, बरेच जण जुनीच फाईल वाजवतात. सुटलेला आवाज परत बोलावता येत नाही, तिथं माझं काही चालत नाही.

तात्या गेले ते या उन्हाळ्याच्या तोंडावर. निरोप आला तसा मी कऱ्हाटीला पोचलो. आमच्या भागात म्हातारं माणूस गेलं की त्याला हलगी वाजवत नेतात. तात्यांनी आयुष्यात किती जणांना असं पोचवलं असेल. त्यांना पोचवायला हलगीवाला मिळाला नाही. जवळच्या गावांतले सगळे हलगीवाले हलगी सोडून दुसऱ्या कामाला लागले होते, आणि का लागले होते हे तिथं माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. त्यांचा मुलगा माझ्याजवळ आला. वडिलांना तो आण्णा म्हणायचा. “अन्वरकाका, तुमच्या मोबाईलवर आण्णाची ती हाय ना? ती लावा.”

मी खिशातून फोन काढला खरा. त्यात मध्येच माझ्या आईचं नाव पुकारलं जातं, मयतीत लोक काय म्हणतील? पण विचार करायला वेळ नव्हता. मुलानं एक छोटा स्पीकर आणला, मी फोन जोडला. थाप. श्वास. ‘नूर ऑडिओ, बारामती!’ आणि तात्या वाजायला लागले. कुणी हसलं नाही. कुणी वळूनही बघितलं नाही. बायांनी हंबरडा फोडला तो मात्र पहिल्या थापेलाच.

मी तिरडीच्या शेजारून चाललो, बोट बटणावर आणि डोळे खांदा देणाऱ्यांवर. मध्ये विसावा असतो. तिथं तिरडी खाली ठेवतात आणि हलगी थांबते. कुणी मला सांगितलं नाही. पोरांचे गुडघे वाकताना दिसले तसं मी थांबवलं.

विसावा झाला, तिरडी उचलली. मी जिथं थांबवलं होतं तिथून पुढे लावलं नाही, पहिल्यापासून लावलं. आधी त्यांचा बाप, मग माझी आई, मग तात्या.